कुलूप न उघडता शोध

जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद, भोकरदन भागात आणि लगतच्या देऊळगाव राजाकडे गेलात, तर गावोगाव शेडनेट दिसतात. आत मिरची, टोमॅटो, काकडी लावलेली असते, पण हे फळ मंडईत जात नाही. ते बियाण्यासाठी असते. बीजोत्पादनाचा प्लॉट घेतलेल्या शेतकऱ्याला कंपनीकडून दोन पाकिटे मिळतात, एक नराचे आणि एक मादीचे. पाकिटावर नाव नसते, कोड असतो. शेतकरी मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतो, तिच्यावर नराचे पराग लावतो, क्रॉसिंग झालेल्या फुलाला खूण करतो आणि फळ पिकले की बी काढून, वाळवून कंपनीला देतो. या बियाण्याचे आईबाप मुळात कोणते, त्यांची वंशावळ काय, हे त्याला कोणी सांगत नाही. तरीही काम चोख होते.

आपण काय हाताळतो आहोत हे माहीत नसलेल्या माणसाकडून बिनचूक काम करून घेता येते, हे शेतात रोज दिसते. संगणकाकडूनही असे काम करून घेता येईल का? आपली माहिती कुलूपबंद करून परक्याच्या संगणकावर ठेवली, तर कुलूप न उघडता त्यातले नेमके पान तो आपल्याला शोधून देऊ शकेल का? गेली २५ वर्षे संगणकशास्त्रज्ञ या प्रश्नावर काम करत आहेत. त्यांना मिळालेले उत्तर ‘हो’ असे आहे, मात्र त्या ‘हो’ची किंमत समजून घ्यावी लागते.

गुपित कशात असते?

जालन्याला बियाण्यांचे शहर म्हणतात, त्यामागे बद्रीनारायण बारवाले यांचे मोठे काम आहे. ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे तयार करण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि १९६४ साली जालन्यात ‘महिको’ कंपनी स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज या परिसरात बियाणे कंपन्या, संशोधन प्रक्षेत्रे, ऑर्गनायझर आणि बीजोत्पादक शेतकरी यांची मोठी साखळी उभी आहे.

या धंद्यातले खरे गुपित संकरित बियाण्यात नसते. ते बियाणे कोणालाही दुकानातून विकत घेता येते. पण त्याच्या पिकातले बी पुढच्या वर्षी पेरले, तर झाडे एकसारखी येत नाहीत. म्हणून दर हंगामाला मूळ नर आणि मादी यांचाच संकर पुन्हा करावा लागतो. ज्याच्या हाती आईबाप, त्याच्या हाती वाण. कोणत्या वाणाचा कोणाशी संकर केला, तो हळद्या रोगापुढे टिकला का, कोणत्या जमिनीत किती उतारा आला, या वर्षानुवर्षांच्या चाचण्यांच्या नोंदी म्हणजेच कंपनीची पुंजी.

समजा, अशा एखाद्या कंपनीने या नोंदी क्लाउडवर ठेवल्या. क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेला दुसऱ्याचा संगणक. तो मुंबईत असेल, हैदराबादेत असेल किंवा देशाबाहेरही. तिथला व्यवस्थापक चोरच असेल असे नाही. शास्त्रज्ञ अशा सर्व्हरची कल्पना ‘नेमून दिलेले काम प्रामाणिकपणे करणारा, पण चौकस’ अशी करतात. सांगितलेले काम तो करेल, पण समोर आलेले वाचल्याशिवाय राहणार नाही. शिवाय त्याच्याकडचा एखादा कर्मचारी फितूर होऊ शकतो, बाहेरचा हल्लेखोर आत शिरू शकतो. म्हणून त्याच्यावर विश्वास टाकायचाच नाही, असे गृहीत धरून व्यवस्था आखायची.

हा प्रश्न फक्त कंपन्यांचा नाही. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पेऱ्याची नोंद स्वतःच्या मोबाइलवरून करू लागला. दवाखान्यांचे केसपेपर, पतसंस्थांची खाती, शाळांचे दाखले हे सारेच हळूहळू कपाटातून निघून दूरच्या सर्व्हरवर जाते आहे.

साध्या कुलपाची अडचण

माहिती कुलूपबंद करणे म्हणजे एन्क्रिप्शन. मजकूर आणि एक गुप्त किल्ली गणिती सूत्रात घातली की निरर्थक दिसणाऱ्या चिन्हांची रांग बाहेर पडते. ही किल्ली म्हणजे एक मोठा आकडा. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता साधारण ३४ वर ३७ शून्ये इतक्या असतात. एकेक करून त्या तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.

चांगल्या एन्क्रिप्शनचा आणखी एक गुण असतो. एकच शब्द दोनदा कुलूपबंद केला तर दोन्ही वेळा वेगळीच रांग मिळते, कारण दर वेळी त्यात एक नवा, यादृच्छिक आकडा मिसळलेला असतो. ‘हळद्या’ हा शब्द शंभर फायलींत असेल, तर सर्व्हरला शंभर वेगवेगळ्या रांगा दिसतात. त्यात काही साम्य आहे, अशी शंकाही त्याला येत नाही.

गुप्ततेसाठी हे उत्तम, पण शोध इथेच अडतो. शोध घेणे म्हणजे साम्य ओळखणे, आणि साम्य तर आपणच पुसून टाकलेले असते.

मग दोनच सरळ मार्ग उरतात. सगळ्या फायली उतरवून घ्यायच्या आणि आपल्या संगणकावर उघडून शोधायचे, किंवा सर्व्हरला किल्ली द्यायची. पहिला मार्ग छोट्या साठ्याला ठीक आहे. व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्व संदेश कुलूपबंद केले, तरी जुना संदेश शोधला की सापडतो, कारण तो शोध आपल्याच फोनमध्ये, आधीच उघडलेल्या संदेशांत होतो. पण एक लाख फायली असतील आणि त्यातल्या तीनच हव्या असतील, तर प्रत्येक वेळी लाखभर फायली उतरवणे परवडणार नाही. आणि किल्लीच देऊन टाकली, तर कुलूप लावण्यात अर्थ राहत नाही.

तिसरा मार्ग: शब्दाऐवजी कोड

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले डॉन साँग, डेव्हिड वॅगनर आणि एड्रियन पेरिग यांनी २००० साली तिसरा मार्ग दाखवला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक शब्द अशा रीतीने कुलूपबंद केलेला असे की, मालकाने एका शब्दापुरती परवानगी दिली तर सर्व्हर तेवढाच शब्द जुळवून पाहू शकेल. बाकीचा मजकूर त्याच्यासाठी बंदच राहील. मात्र सर्व्हरला प्रत्येक फाइलमधला प्रत्येक शब्द तपासावा लागे. साठा दुप्पट झाला की वेळही दुप्पट.

पुढच्या संशोधकांनी शब्दसूचीचा आधार घेतला. २००६ साली रेझा कर्टमोला, हुआन गॅरे, सेनी कमारा आणि राफेल ओस्ट्रोव्हस्की यांनी त्या पद्धतीला नेमके रूप दिले आणि अशा शोधात ‘सुरक्षित’ कशाला म्हणायचे याची काटेकोर व्याख्याही केली. आपल्या कंपनीच्या उदाहरणावरून ही पद्धत टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा सूचीचा. नोंदी क्लाउडवर पाठवण्याआधी कंपनीचा संगणक एक यादी करतो. कोणता शब्द कोणकोणत्या फायलींत आहे, हे त्या यादीत असते:

हळद्या: फाइल ३, ११, १७
भेंडी: फाइल ३, ५, ११, १७, २०
बदनापूर: फाइल ५, १७

दुसरा टप्पा कोडचा. प्रत्येक शब्द आणि गुप्त किल्ली एका सूत्रात घालून कोड काढला जातो. या सूत्राचे दोन गुण महत्त्वाचे. किल्ली आणि शब्द तेच असतील तर कोड दर वेळी तोच येतो. आणि किल्ली हाती नसेल तर शब्दावरून कोड काढता येत नाही, कोडवरून शब्दही ओळखता येत नाही. समजा ‘हळद्या’चा कोड ‘४ख९टप’ असा आला. खरा कोड याहून बराच लांब, अनेकदा ६४ चिन्हांचा असतो.

तिसरा टप्पा कुलपाचा. फायलींच्या क्रमांकांची यादीही एन्क्रिप्ट होते. आता क्लाउडवर जी सूची जाते तिच्यात शब्द नाहीत आणि क्रमांकही नाहीत. एका बाजूला कोड, दुसऱ्या बाजूला कुलूपबंद यादी, आणि ओळींचा क्रमही विस्कटलेला.

चौथा टप्पा शोधाचा. कंपनीतल्या पैदासकाराला हळद्याच्या नोंदी हव्या आहेत. त्याचा संगणक किल्ली वापरून ‘४ख९टप’ हा कोड काढतो आणि तेवढाच सर्व्हरला पाठवतो. सर्व्हर त्या कोडची ओळ क्षणात काढतो आणि समोरची कुलूपबंद यादी परत देतो. पैदासकाराचा संगणक ती उघडतो, ३, ११, १७ या फायली मागवतो आणि आपल्याकडे उघडतो. सर्व्हरने शोध घेतला, पण शोधलेला शब्द त्याला कळला नाही आणि सापडलेला मजकूरही नाही. शेडनेटमधल्या शेतकऱ्याने वाणाचे नाव न जाणता कोडवर काम केले, तसेच हे.

नोंदी टाकणारे अनेक असतील तर? गावोगावचे क्षेत्र अधिकारी आपापल्या फोनवरून निरीक्षणे पाठवतात, पण शोधण्याचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला हवा असतो. अशा कामासाठी डॅन बोने आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दोन किल्ल्यांची पद्धत मांडली. कुलूप लावायची किल्ली सर्वांना खुली, शोधाचा कोड काढायची किल्ली एकाकडेच.

मराठी शब्दांचा वेगळा पेच

कोडच्या सूत्रात अक्षराचाही फरक खपत नाही. ‘कापूस’चा कोड एक आणि ‘कापसावर’चा कोड पूर्ण वेगळा. साध्या शोधात संगणक दोन शब्दांतले साम्य पाहून अंदाज बांधू शकतो. इथे मात्र कोडमध्ये साम्याचा मागमूसही नसतो.

मराठीत शब्दाचे रूप सतत बदलते. कापूस, कापसाचे, कापसावर. शिवाय कोणी ‘कपाशी’ लिहिणार, कोणी ‘कॉटन’. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘ऱ’ दोन वेगवेगळ्या रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात आणि त्यांचे कोडही वेगळे निघतात.

म्हणून मराठी नोंदींसाठी कुलूप लावण्याआधीची मशागत महत्त्वाची ठरते. टंकलेखनाची सर्व रूपे एकसारखी करायची, विभक्ती काढून मूळ शब्द घ्यायचा, समानार्थी शब्द एका गटात बसवायचे आणि मगच कोड काढायचा. हे काम मालकाच्या संगणकावरच व्हायला हवे. एकदा कुलूप लागल्यावर सर्व्हर आपल्या चुका सुधारून घेऊ शकत नाही, आणि सापडायला हवी ती नोंद न सापडता तशीच पडून राहते.

न सांगताही काय कळते?

शेडनेटमधल्या शेतकऱ्याला नाव सांगितलेले नसते, पण त्याला डोळे असतात. पानाचा आकार त्याला दिसतो, फळाचा रंग दिसतो. कंपनीचा अधिकारी कोणत्या प्लॉटवर वारंवार येतो, कोणत्या पिकाचे बी आधी उचलले जाते, हेही दिसते. अनुभवी शेतकरी एवढ्यावरून बरेच ताडतो. सर्व्हरचे तसेच आहे. शास्त्रज्ञ याला ‘गळती’ म्हणतात आणि तिचे तीन मुख्य प्रकार सांगतात.

एक, शोधाची पुनरावृत्ती. ‘४ख९टप’ या आठवड्यात वीस वेळा आला, म्हणजे कोणीतरी एकाच गोष्टीच्या मागे आहे, हे सर्व्हरला कळते.

दोन, कोणत्या फायली उघडल्या. एका कोडनंतर ३, ११, १७ मागवल्या आणि दुसऱ्या कोडनंतर ५, १७, म्हणजे १७ या फाइलमध्ये दोन्ही शब्द आहेत. असे दुवे जोडत गेले की चित्र उभे राहते. इस्लाम, कुझू आणि कांतारजिओग्लू या संशोधकांनी २०१२ साली एन्रॉन कंपनीच्या ईमेलच्या साठ्यावर प्रयोग करून दाखवले की, कोणते शब्द सहसा एकत्र येतात याची पूर्वकल्पना असेल तर शोधलेले शब्द मोठ्या प्रमाणात ओळखता येतात.

तीन, यादीची लांबी. जालना जिल्ह्याच्या खरिपाच्या नोंदी असल्या आणि पिकांची नावे कोडमध्ये असली, तरी सर्वांत मोठ्या दोन याद्या कापूस आणि सोयाबीन यांच्या असणार, हे इथल्या शेतीची जुजबी माहिती असणाऱ्यालाही ओळखता येईल. त्यासाठी किल्ली लागत नाही.

हा धोका किती खरा आहे, हे २०१५ साली मुहम्मद नवीद, सेनी कमारा आणि चार्ल्स राइट यांनी अमेरिकेतल्या २०० मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींवर दाखवले. तक्त्याच्या एका रकान्यात एका शब्दाला कायम एकच कोड देणारी, किंवा आकड्यांचा लहानमोठा क्रम तसाच ठेवणारी पद्धत वापरली, तर त्या रकान्याचा नुसता तोंडवळा बघून रुग्णांची संवेदनशील माहिती बाहेर काढता येते, हे त्यांनी सिद्ध केले. दुर्मीळ आजाराची यादी आखूड असते आणि तिचे आखूडपणच तिला उघडे पाडते.

गळती बुजवण्याचे उपाय

यादीची लांबी लपवणे त्यातल्या त्यात सोपे आहे. आखूड याद्यांमध्ये खोट्या नोंदी भरून सर्वांची लांबी सारखी करायची. जागा जास्त लागते, पण अंदाज बांधणे कठीण होते.

नव्या नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुना कोड जपून ठेवलेला सर्व्हर, आज आलेल्या नव्या फाइलमध्ये तोच शब्द आहे का, हे जुळवून पाहू शकतो. २०१६ साली झँग, कॅट्झ आणि पापामॅन्थू यांनी दाखवले की, हल्लेखोराने स्वतः लिहिलेल्या मोजक्याच फायली साठ्यात घुसवल्या तरी शोधलेले शब्द उघडे पडतात. यावरची एक मात्रा अशी की शोध झाल्यावर त्या शब्दाची पुढची नोंद नव्या कोडखाली टाकायची. जुना कोड तिथे चालतच नाही. राफाएल बॉस्ट यांनी त्याच वर्षी अशी कार्यक्षम पद्धत मांडली.

कोणत्या फायली उघडल्या हेच लपवायचे असेल, तर गोल्डराइख आणि ओस्ट्रोव्हस्की यांनी विकसित केलेली युक्ती आहे. प्रत्येक वेळी हव्या असलेल्या नोंदीबरोबर इतरही काही मागवायच्या आणि परत ठेवताना जागा बदलायच्या. सर्व्हरला सतत हालचाल दिसते, पण अर्थ लागत नाही. मात्र एका नोंदीसाठी अनेक नोंदींची ने-आण करावी लागते.

सर्वांत टोकाचा उपाय म्हणजे कुलूपबंद आकड्यांवरच हिशेब करणे. हे शक्य आहे का, असा प्रश्न रिव्हेस्ट, एडलमन आणि डर्टूझोस यांनी १९७८ साली विचारला होता. त्याचे पूर्ण उत्तर क्रेग जेंट्री यांनी २००९ साली दिले. अशा पद्धतीत सर्व्हर साठ्यातल्या प्रत्येक नोंदीवर काम करतो, म्हणून कोणती नोंद कामाची होती हे त्यालाही कळत नाही. पण त्यामुळेच हे काम संथ आणि खर्चिक आहे.

वापरात काय आले आहे?

हे सारे प्रयोगशाळेतच राहिलेले नाही. मोंगोडीबी या प्रसिद्ध डेटाबेसने २०२३ साली कुलूपबंद नोंदींत शब्द जुळवण्याची सोय सर्वांना खुली केली आणि पुढच्या वर्षी ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ अशा शोधाचीही. २०२४ साली ॲपलने आयफोनवर, अनोळखी नंबर कोणाचा हे सर्व्हरला नंबर न कळू देता विचारण्यासाठी कुलूपबंद हिशेबाची पद्धत आणली.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण आधारचे. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. २०१७ साली आधार प्राधिकरणाने नियम केला की, आधार क्रमांक साठवणाऱ्या संस्थांनी ते वेगळ्या, एन्क्रिप्ट केलेल्या ‘आधार डेटा व्हॉल्ट’मध्येच ठेवावेत आणि रोजच्या कामात त्यांच्या जागी एक संदर्भ कोड वापरावा. वर पाहिलेली शोधपद्धत ही नव्हे, पण मूळ विचार तोच आहे: काम कोडवर चालवायचे आणि खरी माहिती हाताआड ठेवायची.

२०१७ सालीच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती सांभाळणाऱ्यावर सुरक्षेची जबाबदारी टाकली आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली.

> थोडक्यात
> • चांगले एन्क्रिप्शन साम्य पुसते, म्हणून नेहमीचा शोध त्यावर चालत नाही.
> • मालकाने शब्दांची सूची करून शब्दांऐवजी गुप्त कोड ठेवले, तर सर्व्हर अर्थ न कळता शोध घेऊ शकतो.
> • कोड अचूक जुळावा लागतो. मराठीत शब्दरूपे आधीच एकसारखी करावी लागतात.
> • कोडची पुनरावृत्ती, उघडलेल्या फायली आणि यादीची लांबी यांतून माहिती गळते.
> • गळती कमी करता येते, पण वेळ, जागा आणि पैसा मोजावा लागतो.

करार करताना विचारायचे प्रश्न

‘आमच्याकडे सगळे एन्क्रिप्टेड आहे’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता सांगतो, पण एवढ्यावर समाधान मानू नये. किल्ली कोणाकडे आहे, आमच्याकडे की तुमच्याकडे? शोध घेताना सर्व्हरवर मजकूर क्षणभर तरी उघडतो का? एका शब्दाला कायम एकच कोड मिळतो का, आणि मिळत असेल तर आजाराचे किंवा पिकाचे नाव असलेल्या रकान्यात तुम्ही काय काळजी घेतली आहे? किल्ली हरवली तर काय? कारण खऱ्या कुलपाची किल्ली हरवली तर माहिती मालकालाही परत मिळत नाही, म्हणून तिची सुरक्षित दुसरी प्रत ठेवणे आलेच.

सगळ्याच माहितीला सर्वांत महागडे कुलूप लागत नाही. हवामानाच्या नोंदींना साधा बंदोबस्त पुरे, रुग्णाच्या केसपेपरला किंवा वाणाच्या वंशावळीला नाही. ही प्रतवारी माहितीच्या मालकानेच करायची आहे. दवाखाना असो, पतसंस्था असो की बियाणे कंपनी, लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याच्या संगणकावर ठेवण्याआधी या प्रश्नांची उत्तरे तिने लेखी घ्यावीत. लेखी देण्याइतकी खात्री ज्याला नाही, त्याच्याकडे माहिती ठेवू नये.